काँक्रीटच्या भिंतीतील सळयांचे जोड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सळई साधारण १२ मीटर लांबीची मिळते आणि भिंत टप्प्याटप्प्याने ओतली जाते, त्यामुळे जोड टळत नाही. पायातून वर आलेल्या सळईला भिंतीची सळई जोडायची, एका मजल्याच्या सळईला पुढच्या मजल्याची. आडव्या सळयाही लांब भिंतीत कुठेतरी संपतात आणि तिथून नव्या सुरू होतात. हे जोड नीट झाले तर भिंत एकसंध वागते. चुकले तर हिशोबात पुरेसे असलेले लोखंडही उपयोगी पडत नाही. खाली दिलेले आकडे मुख्यतः आयएस ४५६:२००० या भारतीय काँक्रीट कोडप्रमाणे आहेत. एसीआय ३१८ (अमेरिकन कोड) जिथे वेगळे सांगते तिथे तसा उल्लेख केला आहे. ड्रॉइंगवर जास्त लांबी दिलेली असेल तर अर्थातच ड्रॉइंग पाळायचे.

दोन सळया नुसत्या शेजारी ठेवल्या तर ताकद एकीतून दुसरीत जाते कशी?

काँक्रीटमधून. बाकी सगळ्या नियमांचे मूळ याच एका गोष्टीत आहे. पहिली सळई ओढली गेली की तिच्या अंगावरचे कंगोरे भोवतालच्या काँक्रीटवर दाब देतात. तो दाब काँक्रीटमधून तिरका पसरत शेजारच्या सळईच्या कंगोऱ्यांवर येतो आणि तिला ताण देतो. दोन सळया जितक्या लांबीत शेजारीशेजारी असतात तो लॅप; हे त्या लॅपच्या पूर्ण लांबीत हळूहळू घडते. पहिल्या सळईतला ताण कमी होत जातो, दुसरीतला वाढत जातो.

तिरक्या दाबाचा दुसरा परिणाम म्हणजे काँक्रीट सळईभोवती बाहेरच्या दिशेने फाटू पाहते. लॅप निकामी होतो तो बहुतेक वेळा असाच: सळईच्या रेषेत कव्हर, म्हणजे सळईवरचे काँक्रीट, उभे चिरते आणि मग सळया सुटतात. म्हणून लॅपच्या लांबीइतकेच महत्त्व कव्हरला, दोन लॅपमधल्या मोकळ्या अंतराला आणि आडव्या लोखंडाला आहे.

मग बाइंडिंग वायरचे काम काय?

ओतताना सळई जागेवरून हलू नये, एवढेच. तार कितीही घट्ट पिळली तरी ती ताकद वाहून नेत नाही. लॅप कमी पडला म्हणून चार बांध जास्त मारले, याने काहीही भरून निघत नाही.

लॅप किती ठेवायचा? साइटवर सगळे "पन्नास डी" म्हणतात.

"पन्नास डी" म्हणजे सळईच्या व्यासाच्या ५० पट. लक्षात ठेवायला सोपा आकडा आहे, पण तो सगळीकडे लागू पडत नाही. काही ठिकाणी तो धोकादायकरीत्या कमी आहे.

मूळ हिशोब डेव्हलपमेंट लेंग्थचा, म्हणजे साइटच्या भाषेत एलडीचा. सळईतला पूर्ण ताण काँक्रीटमध्ये उतरायला लागणारी लांबी ती ही. एलडी सळईच्या ग्रेडवर (एफई ४१५, एफई ५००) आणि काँक्रीटच्या ग्रेडवर (एम २०, एम २५) ठरते. एफई ५०० ची कंगोऱ्यांची सळई पूर्ण डिझाइन ताणाला धरली तर एम २० काँक्रीटमध्ये एलडी व्यासाच्या सुमारे ५७ पट येते, एम २५ मध्ये ४८.५ पट, एम ३० मध्ये ४५ पट. म्हणजे एम २० च्या भिंतीत एफई ५०० वापरून "पन्नास डी" धरले तर लॅप सुरुवातीलाच कमी पडतो. हा आकडा एफई ४१५ च्या काळात पुरत होता. त्या सळईला एम २० मध्ये ४७ पट लागतात. सळईचा ग्रेड बदलला, तोंडातला आकडा मात्र तोच राहिला.

वाकण्यामुळे ताण येतो तिथे लॅप एलडी किंवा ३० व्यास, यातला जो जास्त तो. सरळ ओढ असेल तिथे एलडीची दुप्पट किंवा ३० व्यास, यातला जास्त. हूक धरून लांबी भरत असली तरी लॅपचा सरळ भाग १५ व्यास किंवा २०० मिमी यापेक्षा कमी चालत नाही. दाबातल्या सळईला दाबाची एलडी लागते आणि ती २४ व्यासापेक्षा कमी नको. एम २५ आणि एफई ५०० साठी दाबाची एलडी सुमारे ३९ व्यास येते.

एसीआय ३१८ ची मांडणी वेगळी आहे. तिथे ताणातल्या लॅपचे दोन वर्ग आहेत, क्लास ए म्हणजे एलडीइतका आणि क्लास बी म्हणजे १.३ एलडी. गरजेच्या दुप्पट लोखंड दिलेले असेल आणि लॅपच्या लांबीत निम्म्याहून जास्त सळया जोडलेल्या नसतील, तरच क्लास ए. अन्यथा क्लास बी. कोणताही असला तरी ३०० मिमीपेक्षा कमी नाही.

भिंत तर वजन घेते, म्हणजे दाबात असते. मग दाबाचा छोटा लॅप का नको?

वारा, भूकंप, मातीचा दाब, पाण्याचा दाब यातले काहीही आडवे आले की भिंतीच्या एका बाजूला किंवा एका टोकाला ताण येऊ शकतो. भिंत कायम दाबातच राहील हे डिझायनरने लेखी सांगितलेले नसेल तर ताणाचा लॅप ठेवा. वाचणारे लोखंड फार थोडे असते.

लॅप वाढवावा लागतो अशी ठिकाणे कोणती?

आयएस ४५६ मध्ये १.४ चा गुणक आहे आणि भिंतीत तो वारंवार लागू होतो. ताणातली सळई ओतण्याच्या वेळी छेदाच्या (त्या जागी कापून पाहिलेल्या काँक्रीटच्या) वरच्या भागात असेल आणि तिचे कव्हर व्यासाच्या दुपटीपेक्षा कमी असेल, तर १.४. सळई छेदाच्या कोपऱ्यात असून कोणत्याही एका बाजूचे कव्हर व्यासाच्या दुपटीपेक्षा कमी असेल, तरी १.४. शेजारच्या दोन लॅपमधले मोकळे अंतर ७५ मिमी किंवा ६ व्यास, यातल्या मोठ्या आकड्यापेक्षा कमी असेल, तरीही १.४. वरच्या भागाची अट आणि उरलेल्या दोनपैकी एक अट, दोन्ही लागू असतील तर लॅप सरळ दुप्पट.

उदाहरण घेऊ. एम २५ ची भिंत, १६ मिमीच्या उभ्या सळया १२५ मिमी अंतराने. सगळ्यांचा लॅप एकाच पातळीवर घेतला तर जोडीची रुंदी ३२ मिमी, म्हणजे दोन लॅपमध्ये मोकळे उरतात ९३ मिमी. सहा व्यास म्हणजे ९६ मिमी. तीन मिमी कमी पडले म्हणून एफई ५०० च्या सळईचा ४८.५ पट, म्हणजे ७७६ मिमीचा लॅप १.४ ने वाढून सुमारे १०८६ मिमी होतो. तेच एकाआड एक सळईचा लॅप वर-खाली केला तर एका पातळीवरच्या दोन लॅपमध्ये २१८ मिमी मोकळे राहतात आणि हा गुणक लागतच नाही. स्टॅगर करण्याचा त्रास इथे रोख वसूल होतो.

स्टॅगर म्हणजे नेमके किती वर-खाली?

आयएस ४५६ प्रमाणे एका लॅपच्या मध्यापासून दुसऱ्या लॅपच्या मध्यापर्यंतचे अंतर लॅपच्या १.३ पट किंवा जास्त असेल तरच तो स्टॅगर मानायचा. एम २५ मध्ये १२ मिमीच्या सळईचा लॅप ५८२, म्हणजे गोळाबेरीज ६०० मिमी. त्याच्या १.३ पट ७८०. तेव्हा पायातून वर काढायच्या सळयांची उंची एकाआड एक ६०० आणि १३८० मिमी ठेवावी लागेल.

वीत-दोन वीत वर-खाली केलेला लॅप दिसायला स्टॅगर वाटतो, पण तो स्टॅगर नाही. दोन्ही लॅप एकमेकांवर चढलेले राहतात आणि काँक्रीट फाटण्याचा धोका तेवढाच राहतो. कापताना हे लक्षात आले पाहिजे, बांधताना उशीर झालेला असतो. म्हणून दोन उंचींच्या सळया बीबीएसमध्येच (सळया कापण्या-वाकवण्याच्या यादीत) वेगवेगळ्या लिहाव्यात.

एका छेदावर निम्म्याहून जास्त सळया जोडू नयेत, अशी आयएस ४५६ ची शिफारस आहे. तसे करणे भागच असेल तर लॅप वाढवणे, जवळजवळ रिंगा किंवा स्पायरल देणे असे खास उपाय करावे लागतात.

लॅप भिंतीत कुठे घ्यावा?

जिथे ताण कमी आहे तिथे. वाकणाऱ्या भागात मोमेंट (वाकवणारा जोर) त्या छेदाच्या क्षमतेच्या निम्म्याहून जास्त असेल तिथे जोड टाळावा, असे कोड सांगते. भिंतीची पंचाईत अशी की बांधायला सर्वांत सोयीची जागा म्हणजे भिंतीचा पाया, आणि ताण बहुधा तिथेच सर्वाधिक असतो.

मोकळ्या माथ्याची मातीरोधक भिंत घ्या. ती पायात घट्ट असते आणि मातीकडच्या बाजूच्या उभ्या सळयांना पायापाशी कमाल ताण येतो. स्टार्टर सळया, म्हणजे पायातून वर काढलेल्या सळया, तिथेच संपवून लॅप घेतला तर भिंतीतला सर्वांत नाजूक जोड सर्वांत जास्त ताणाच्या जागी बसतो. मार्ग आहेत. स्टार्टर सळई पुरेशी उंच काढून लॅप वर न्यायचा, किंवा निदान निम्म्या सळया वर न्यायच्या. भिंत फार उंच नसेल तर पायातूनच पूर्ण उंचीची सळई उभी करायची, जोडच नको. उंच सळया वाऱ्याने डोलतात, त्यांना तात्पुरता आधार द्यावा लागतो आणि फिटरला ते आवडत नाही, हे खरे आहे. तरीही माझे मत स्पष्ट आहे: मातीरोधक भिंतीत ही मेहनत घ्यावी.

तळघराची भिंत वेगळी. तिला वर स्लॅबचा आधार असतो. मातीकडच्या सळयांना ताण पायाजवळ जास्त, पण आतल्या बाजूच्या सळयांना ताण उंचीच्या मध्याच्या आसपास. म्हणजे एकाच भिंतीत आतल्या जाळीचा लॅप तळाशी घेतलेला बरा आणि बाहेरच्या जाळीचा तळापासून वर नेलेला बरा. दोन्ही जाळ्यांना एकच उंची लावण्याआधी हा प्रश्न डिझायनरला विचारावा.

भूकंप घेणाऱ्या शिअर वॉलमध्ये तळचा भाग वाकून लोखंड यील्ड होण्यासाठीच (न तुटता कायमचे ताणले जाण्यासाठीच) ठेवलेला असतो. आयएस १३९२० या भूकंपासाठीच्या कोडमध्ये हा भाग भिंतीच्या लांबीइतका किंवा एकूण उंचीच्या एक षष्ठांश, यातला जो जास्त तितका धरतात, पण लांबीच्या दुपटीपेक्षा जास्त नाही. त्या पट्ट्यात उभ्या सळयांचे जोड शक्यतो नकोत.

गोल टाकीच्या भिंतीतल्या आडव्या सळयांचे काय?

इथे सर्वांत जास्त जपावे लागते. पाणी भरले की गोल भिंत चहूबाजूंनी फुगू पाहते आणि आडव्या सळयांना सरळ ओढ बसते. ती घेराभोवती सगळीकडे सारखीच असते, त्यामुळे कमी ताणाची जागा शोधून सापडणार नाही. लॅप एलडीची दुप्पट. एम ३० मध्ये १२ मिमी एफई ५०० ची एलडी पूर्ण ताणाला सुमारे ५४५ मिमी, म्हणजे लॅप सुमारे १०९० मिमी. एका कड्याचा जोड ज्या उभ्या रेषेत आहे त्याच रेषेत वरच्या कड्याचा जोड येऊ देऊ नये. आतल्या आणि बाहेरच्या जाळीचे जोडही समोरासमोर नकोत. जोड एका रेषेत आले तर टाकीला त्याच रेषेत उभी चीर पडण्याची वाट करून दिल्यासारखे होते.

आडव्या सळयांचा लॅप कोपऱ्यात संपवला तर चालेल का?

नाही. दोन भिंतींच्या आडव्या सळया कोपऱ्यात सरळ येऊन नुसत्या थांबल्या तर कोपरा लोखंडाने जोडला गेलाच नाही. एल आकाराची सळई कोपऱ्यातून वळवून दोन्ही भिंतींत पूर्ण लॅपइतकी न्यायची आणि लॅप कोपऱ्यापासून दूर घ्यायचा. आतला कोन उघडू पाहत असेल, जसे पाणी भरलेल्या चौकोनी टाकीत होते, तर आतल्या बाजूची सळई आतल्या कोनावरूनच वळवू नये. ताण आला की ती सरळ होऊ पाहते आणि कोपऱ्याचे काँक्रीट उडवते. ती कोपऱ्यातल्या दुसऱ्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूपर्यंत नेऊन तिथे वळवावी.

दोन सळया एकमेकींना चिकटलेल्याच असाव्या लागतात का?

नाही. ताकद काँक्रीटमधून जाते, म्हणून थोडे अंतर चालते. एसीआय ३१८ वाकणाऱ्या भागांत दोन सळयांमधले अंतर लॅपच्या एक पंचमांशापेक्षा आणि १५० मिमीपेक्षा जास्त नको म्हणते. स्टार्टर थोडी सरकली असेल तर ती ठोकून वाकवण्यापेक्षा हे अंतर मोजून पाहावे. बहुतेक वेळा काही करावेच लागत नाही.

चिकटलेल्या असतील तर जोडी भिंतीच्या लांबीच्या दिशेने शेजारीशेजारी ठेवा. एक सळई दुसरीच्या पुढे आली तर तिचे कव्हर तितके कमी होते. शेजारी ठेवता येत नसेल तर खालची सळई वरच्या टोकाला आत वळवावी, वळणाचा उतार १:६ पेक्षा जास्त नको.

दोन वेगळ्या व्यासांच्या सळया जोडताना लॅप कोणाचा धरायचा?

आयएस ४५६ प्रमाणे लहान सळईचा. एसीआय ३१८ मात्र मोठ्या सळईची एलडी आणि लहान सळईचा लॅप यातला जास्त धरते.

स्टार्टर सळई फारच चुकीच्या जागी आली किंवा राहूनच गेली, तर?

घट्ट काँक्रीटमधून आलेली सळई पाइप लावून जोरात वाकवू नका. मुळाशी काँक्रीट फुटते आणि सळईलाही बारीक तडा जाऊ शकतो. डिझायनरला कळवा. बहुधा भोक पाडून रसायनाने सळई बसवायचा मार्ग निघतो. त्यात भोकाची सफाई हाच जीव आहे: हवा मारणे, ब्रश फिरवणे, पुन्हा हवा मारणे. धूळ राहिली तर रसायन धुळीला चिकटते, काँक्रीटला नाही. खोलीही हिशोबाने ठरते आणि ती अंदाजापेक्षा बरीच जास्त निघते.

कपलर (दोन सळयांची टोके जोडणारी नळी) कधी वापरावा?

३६ मिमीपेक्षा जाड सळईला लॅप घेऊ नये असे आयएस ४५६ सांगते. अशी सळई वेल्डिंगने जोडावी आणि तेही शक्य नसेल तर लॅपभोवती जादा स्पायरल द्यावे, अशी त्यात सोय आहे. व्यवहारात कपलर हाच स्वच्छ मार्ग. त्याखालच्या व्यासांतही, शिअर वॉलच्या टोकाला सळयांची गर्दी असेल तर मी कपलरच सुचवेन. लॅपमध्ये त्या जागी लोखंड दुप्पट होते आणि खडी खाली उतरत नाही. पुढे भिंत वाढवायची असून सळई बाहेर काढता येत नसेल तिथेही कपलर सोयीचा.

आट्यांचा कपलर असेल तर दोन्ही बाजूंनी आटे पुरेसे आत गेले का ते पाहणे हेच मुख्य काम. आधी सळईवर खूण करून घ्या, बसवल्यावर खूण कुठे आली ते पाहा. आट्यांवरची प्लास्टिकची टोपी शेवटच्या क्षणापर्यंत काढू नका, सिमेंटचे पाणी आट्यांत वाळले की कपलर अर्ध्यातच अडकतो. कव्हर कपलरच्या बाहेरच्या अंगापासून मोजायचे, सळईपासून नाही. कपलरसाठी वेगळे मानक आहे, आयएस १६१७२. त्याप्रमाणे नमुने ओढून तपासलेले असावेत. एसीआय ३१८ साध्या यांत्रिक जोडाकडून सळईच्या यील्ड ताकदीच्या १.२५ पट मागते.

वेल्डिंग केले तर?

सळईचे रसायन वेल्डिंगला योग्य असेल, वेल्डर प्रशिक्षित असेल आणि नमुने तपासले जात असतील तरच. आयएस ४५६ ताणातल्या वेल्डला सळईच्या डिझाइन ताकदीच्या ८० टक्केच धरते. कडक देखरेख असेल आणि एका छेदावर ताणातल्या लोखंडापैकी २० टक्क्यांपेक्षा जास्त वेल्ड केलेले नसेल, तरच १०० टक्के. बांधायचा कंटाळा म्हणून मारलेले वेल्डिंगचे टाके मात्र पूर्ण बंद करा. त्या ठिपक्याजवळ सळई ठिसूळ होते आणि ते वरून दिसत नाही.

गंजलेल्या किंवा सिमेंट लागलेल्या स्टार्टर सळया चालतात का?

हलका, न सुटणारा गंज चालतो. पापुद्रे निघत असतील तर तारेच्या ब्रशने काढा. वाळलेले सिमेंटचे पाणी सैल असेल तर तेही काढा. शटरिंगचे तेल सळईला लागू देऊ नका. शटरला तेल लावून मग ते उभे करावे, सळयांच्या मध्ये उभे राहून तेल फिरवू नये. खोल खड्डे पडलेली, व्यास कमी झालेली सळई डिझायनरला दाखवा.

सळ्या बरोबर बांधल्या, लॅप मोजला. आता आणखी काय बघायचे?

काँक्रीट. सगळ्यांत कमी लक्ष इथेच जाते. भिंतीतला लॅप बहुधा तळाशी असतो आणि भिंतीचे सर्वांत वाईट काँक्रीटही तळाशीच होण्याचा धोका असतो. शटर आणि किकर (भिंतीच्या तळाशी आधी ओतलेला काँक्रीटचा छोटा उठाव) यांच्या फटीतून सिमेंटचे पाणी गळते. वरून सोडलेले काँक्रीट सळयांवर आपटत खाली येते, खडी वेगळी होते आणि तळाला नुसती खडी साचते. त्यात लॅपमुळे तिथे सळयांची गर्दी. शटर काढल्यावर तळाशी मधमाश्यांच्या पोळ्यासारखे भोकांचे काँक्रीट दिसले तर समजावे की लॅपभोवती आवश्यक असलेले काँक्रीट तिथे नाही. कागदावर ६०० मिमीचा लॅप आहे, पण त्यातला अर्धा हवेत आहे.

म्हणून ओतण्याआधी जुन्या काँक्रीटचा माथा खरवडून धुवून घ्या, फट स्पंजच्या पट्टीने किंवा मसाल्याने बंद करा, पाइप किंवा ट्रंक शक्य तेवढा खाली न्या. काँक्रीट ३०० ते ४५० मिमीच्या थरांत भरा आणि व्हायब्रेटरची सुई पहिल्या थरात तळापर्यंत पोचते का हे ओतण्याआधीच रिकाम्या शटरमध्ये उतरवून पाहा. गर्दीमुळे सुई जात नसेल तर ते आत्ता कळू द्या.

तरीही पोळे निघालेच तर त्यावर गिलावा फिरवू नका. डिझायनरला दाखवा, सैल भाग घट्ट काँक्रीट लागेपर्यंत फोडा, सळईच्या मागपर्यंत गेले तरी फोडा, आणि त्याने सांगितलेल्या पद्धतीने भरा.

तपासणी कधी करायची?

शटरची दुसरी बाजू बंद होण्याआधी. स्लॅबचे लोखंड ओतेपर्यंत डोळ्यांसमोर असते, भिंतीचे नसते. दोन्ही बाजू बंद झाल्या की वरून दिसतात फक्त सळयांची टोके. तेव्हा टेप घेऊन प्रत्येक प्रकारच्या काही जोडांची लांबी मोजा, स्टॅगरचे अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजा, कव्हर ब्लॉक लॅपच्या पट्ट्यात आहेत का पाहा, कोपऱ्यातल्या एल सळया मोजा आणि फोटो काढून ठेवा. फोटोत टेप दिसला पाहिजे.